नेत्याला दिलेली, पण कुठेच न दाखवलेली भेट: मानपान की लाच? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

कोकणात रिकाम्या हाताने कुणाच्या घरी जायची पद्धत नाही. मोसमात हापूसची पेटी, पावसाळ्यात काजूगर, बंदरावरून येताना सुरमई, गणपतीला मखराचा खर्च. घेणारा सरपंच, जिल्हा परिषद सदस्य, आमदार किंवा मंत्री असला की याच वस्तूला कायद्याचे नियम लागतात. रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत.

भेट जाहीर केली नाही, एवढ्यावरून तो भ्रष्टाचार ठरतो का?

नाही. इथे दोन वेगळे दोष आहेत आणि बोलताना लोक त्यांची मिसळ करतात. भेट लपवणे हा हिशेबाचा दोष आहे. तो निवडणुकीचे शपथपत्र, आयकर आणि मंत्र्यांची आचारसंहिता यांच्या कक्षेत येतो. भेटीचा कामाशी संबंध असणे हा भ्रष्टाचाराचा दोष आहे. तो भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम, १९८८ खाली येतो. पहिला दोष असला म्हणून दुसरा सिद्ध होत नाही. उलट, भेट चारचौघांत दिली आणि कागदावर दाखवली तरी दुसरा दोष राहू शकतो.

म्हणून कुठल्याही भेटीबद्दल आधी हे विचारावे: देणाऱ्याचे कुठले काम घेणाऱ्याकडे किंवा त्याच्या हाताखालच्या कचेरीत पडून आहे? चिरेखाणीचा परवाना, बिनशेती, रस्त्याचे टेंडर, बांधकामाचा ना-हरकत दाखला, यांपैकी काही? असेल तर भेट किती रुपयांची होती हा नंतरचा मुद्दा.

निवडून आलेला माणूस ‘लोकसेवक’ असतो का? तो काही पगारी नोकर नाही.

या प्रश्नाचा इतिहास कोकणातूनच जातो. म्हसळा तालुक्यातल्या आंबेतचे बॅ. अ. र. अंतुले यांना सिमेंटवाटप आणि ट्रस्टसाठी घेतलेल्या देणग्यांच्या वादात जानेवारी १९८२ मध्ये मुख्यमंत्रिपद सोडावे लागले. त्यांच्याच खटल्यात १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की भारतीय दंड संहितेच्या कलम २१ मधल्या व्याख्येत आमदार बसत नाही. (अंतुले त्या प्रकरणात दोषी ठरले नाहीत, हेही लक्षात ठेवायला हवे.) १९८८ चा कायदा आला तेव्हा व्याख्या रुंदावली. ज्या पदामुळे सार्वजनिक कर्तव्य बजावण्याचा अधिकार मिळतो किंवा जबाबदारी येते, ते पद धारण करणारा माणूस लोकसेवक. १९९८ च्या नरसिंह राव निकालाने खासदार-आमदारांना या व्याख्येत धरले, पण सभागृहातल्या मतासाठी किंवा भाषणासाठी घेतलेल्या पैशाला संरक्षण दिले. सीता सोरेन प्रकरणात सात न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ४ मार्च २०२४ रोजी ते संरक्षणही काढून टाकले.

सरपंच, नगराध्यक्ष, पंचायत समितीचे सभापती यांच्याबाबत शंकेला जागा नाही.

आणि पक्षाचा तालुकाध्यक्ष? त्याच्याकडे पद नाही, पण कामे तोच करून देतो.

तो लोकसेवक नाही, पण सुटतही नाही. लोकसेवकावर वजन टाकून काम करून देतो म्हणून काही घेतले तर १९८८ च्या कायद्याचे कलम ७-अ लागते. शिक्षा ३ ते ७ वर्षे आणि दंड. ‘साहेबांना सांगतो, पण मुलांच्या चहापाण्याचे बघा’ हे वाक्य ध्वनिमुद्रणात आले तर सरकारी पक्षाला मोलाचे ठरते.

‘मी काही मागितले नव्हते, त्यानेच आणून दिले’ हा बचाव टिकतो का?

कलम ७ आणि कलम ११ यांतला फरक समजला तर उत्तर सापडते.

कलम ७ मध्ये भेटीचा धागा विशिष्ट कामाशी जोडावा लागतो. काम गैररीतीने किंवा अप्रामाणिकपणे करण्यासाठी, टाळण्यासाठी, किंवा त्याचे बक्षीस म्हणून अनुचित लाभ घेतला हे दाखवायचे असते. शिक्षा ३ ते ७ वर्षे. कलम ११ ला एवढे लागत नाही. ज्याचे काम आपल्यापुढे आहे, होते किंवा येण्याची शक्यता आहे, अशा माणसाकडून लोकसेवकाने जाणूनबुजून फुकट किंवा नाममात्र किमतीत काही घेतले, की कलम ११ चा गुन्हा होऊ शकतो. बदल्यात काय केले हे दाखवायची गरज नाही. शिक्षा ६ महिने ते ५ वर्षे आणि दंड. भेटवस्तूंसाठी खरे कलम हेच आहे, पण बातम्यांत त्याचे नाव क्वचित येते, कारण सापळ्याची (लाच घेताना रंगेहाथ पकडण्याची) प्रकरणे कलम ७ ची असतात.

शिवाय कलम २० आहे. अनुचित लाभ स्वीकारल्याचे सिद्ध झाले की न्यायालय गैर हेतू गृहीत धरते आणि तो नव्हता हे दाखवण्याचा भार घेणाऱ्यावर येतो. तेव्हा ‘मागितले नव्हते’ हा बचाव कलम ७ मध्ये थोडाफार उपयोगी पडेल, ११ मध्ये जवळजवळ नाहीच.

आंब्याची पेटीसुद्धा लाच? मग कोकणात राहायचे कसे?

कायद्यात रकमेची खालची मर्यादा दिलेली नाही. २०१८ पूर्वी लाभ क्षुल्लक असेल तर कलम २० चे अनुमान न काढण्याची मुभा न्यायालयाला होती. त्या वर्षीच्या दुरुस्तीत ती वगळली गेली. ‘अनुचित लाभ’ या शब्दात पैशात न मोजता येणारी गोष्टही येते.

व्यवहारात मात्र पेट्या मोजण्यापेक्षा त्या कुणी पाठवल्या ते पाहावे. शेजारच्या बागायतदाराने दरवर्षीप्रमाणे गुढीपाडव्याला पाच डझनांची एक पेटी सरपंचाच्या घरी ठेवली आणि दोन घरे सोडून पुढच्या घरीही तशीच ठेवली, तर तो गावचा व्यवहार. पण ज्या कंत्राटदाराची आंब्याची बागच नाही, तो वाडीच्या पाखाडीचे (पायवाटेचे) बिल अडकलेले असताना बाजारातून विकत घेतलेल्या वीस पेट्या पाठवतो, गाडीवाल्याला ‘नाव सांगू नको’ म्हणतो आणि बिल निघाले की पुढच्या मोसमात काहीच पाठवत नाही. दोन्हींत फळ तेच आहे. नेहमीचा रिवाज, परतफेडीची पद्धत (आपणही त्याच्याकडे काही नेतो का?), अडकलेले काम आणि लपवाछपवी, या चार गोष्टींवर तपासी अधिकारी नजर ठेवतो.

शाल-श्रीफळ आणि सन्मानचिन्हाबद्दल कुणी तक्रार करत बसत नाही. शालीत पाकीट असेल तर गोष्ट वेगळी.

मंत्र्यांना भेटी दाखवाव्या लागतात ना?

मंत्र्यांसाठी आचारसंहिता आहे, ती केंद्रासाठीही आहे आणि राज्यांसाठीही. जवळचे नातेवाईक सोडून कुणाकडून मौल्यवान भेट घेऊ नये, आणि ज्याच्याशी सरकारी कामाचा संबंध येऊ शकतो त्याच्याकडून कुठलीच भेट घेऊ नये, असे ती सांगते. परदेशी पाहुण्यांकडून आलेली प्रतीकात्मक भेट, म्हणजे मानाची तलवार, समारंभाची वस्त्रे वगैरे, ठेवता येते. इतर वस्तू ५,००० रुपयांच्या आत असेल तर ठेवता येते, त्यावरची तोशाखान्यात (भेटवस्तूंच्या सरकारी भांडारात) जमा करायची. मालमत्ता आणि देण्यांचे विवरण दरवर्षी ३१ ऑगस्टपर्यंत पंतप्रधानांना किंवा मुख्यमंत्र्यांना द्यायचे असते.

पण ही आचारसंहिता आहे, कायदा नाही. मोडली म्हणून तुरुंग होत नाही. कारवाई करायची तर पंतप्रधानांनी किंवा मुख्यमंत्र्यांनी करायची.

आमदारांसाठी तर भेटींची नोंदवही असा प्रकारच नाही. राज्यसभेत सदस्यांच्या हितसंबंधांची नोंदवही आहे. तिच्यात संचालकपद, नियमित मोबदल्याचे काम, नियंत्रणाइतके समभाग, सल्लागारी आणि व्यावसायिक काम असे पाच रकाने आहेत. भेटींचा रकाना नाही. म्हणून ‘नेत्याने भेट जाहीर केली नाही’ असा आरोप करण्याआधी, ती जाहीर करायची कुठे होती हे विचारायला हवे. बहुतेकदा उत्तर ‘कुठेच नाही’ असे येते, आणि मग आरोप तिथेच ढिला पडतो.

निवडणुकीच्या शपथपत्रात भेट दिसत नाही का?

नमुना २६, म्हणजे उमेदवाराचे शपथपत्र, हे अर्ज भरतानाच्या दिवसाचे छायाचित्र आहे, वर्षभराची खतावणी नाही. उमेदवार, जोडीदार, अवलंबित आणि हिंदू अविभक्त कुटुंब यांच्याकडे त्या तारखेला काय आहे ते लिहायचे: रोकड, ठेवी, वाहने, दागिने, जमीन, कर्जे, शिवाय मागच्या पाच वर्षांच्या आयकर विवरणांतले उत्पन्न आणि सरकारशी असलेली कंत्राटे. त्यामुळे भेट मिळालेली गाडी नावावर असेल तर ती दिसायला हवी. खाल्लेले आंबे, झालेली परदेशवारी, कुणी भरलेले मंगल कार्यालयाचे बिल त्यात कधीच दिसणार नाही. सज्ञान, कमावता मुलगा ‘अवलंबित’ नसतो, म्हणून त्याच्या नावावरचा फ्लॅटही दिसणार नाही. सगळ्यात मोठी फट हीच आहे.

खोटी माहिती दिली किंवा दडवली तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२५-अ खाली ६ महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. निवड रद्द करायला निकालापासून ४५ दिवसांत उच्च न्यायालयात याचिका करावी लागते, आणि ग्रामपंचायतीसाठी १५ दिवसांत दिवाणी न्यायाधीशाकडे. तारीख चुकली की बाकी कितीही कागद असले तरी उपयोग नाही. प्रत्येक बारीकसारीक वस्तू न दाखवल्याने निवड रद्द होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने अरुणाचल प्रदेशातल्या एका आमदाराच्या प्रकरणात एप्रिल २०२४ मध्ये सांगितले आहे. तिथे वाद एका व्हॅनवरून आणि दुचाक्यांवरून होता.

‘हातउसने’ दाखवले तर?

नेहमीची वाट. भेटीला कर्ज म्हणायचे, शपथपत्रात देण्यांच्या रकान्यात टाकायचे. खरे कर्ज ओळखायचे तर पैसे बँकेतून आले का, व्याज ठरले का, आणि पाच वर्षांनी पुढच्या शपथपत्रात तेच देणे त्याच आकड्यावर उभे आहे का, हे पाहा. दोन निवडणुकांची शपथपत्रे शेजारी ठेवून वाचली की पुष्कळ काही कळते. त्यासाठी पैसे पडत नाहीत. विधानसभा-लोकसभेची शपथपत्रे निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर असतात.

आयकर भरला की भेट स्वच्छ होते ना?

होत नाही. जयललिता यांच्या बेहिशेबी मालमत्तेच्या प्रकरणात वाढदिवसाच्या भेटी उत्पन्नात दाखवल्या होत्या. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१७ च्या निकालात तो बचाव मानला नाही. लोकसेवकाला मिळालेल्या अशा भेटी हे उत्पन्नाचे कायदेशीर साधन नाही, आणि विवरणपत्रात दाखवले म्हणून ते कायदेशीर होत नाही, अशी न्यायालयाची भूमिका होती. (जयललिता यांचे तोवर निधन झाले होते, त्यामुळे त्यांच्यापुरते अपील संपले. इतर आरोपींची शिक्षा कायम राहिली.) याच दृष्टीने कलम १३ पाहावे: मालमत्ता कायदेशीर उत्पन्नाच्या मानाने जास्त आणि समाधानकारक हिशेब नाही, तर ४ ते १० वर्षे.

उलट बाजूही आहे. आयकराच्या जाळ्याला मोठी भोके आहेत. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षात मिळालेली रोख ५० हजारांवर गेली की पूर्ण रक्कम करपात्र होते, फक्त वरची नाही. म्हणजे ६० हजार आले तर कर साठावर, दहावर नव्हे. पण वस्तूंच्या बाबतीत हा नियम जमीन-घर, समभाग, दागिने, सोने-चांदी, चित्रे-शिल्पे अशा ठराविक यादीपुरताच आहे. मोटारगाडी त्या यादीत नाही, आंबेही नाहीत. वीस लाखांच्या गाडीवर या तरतुदीखाली कर लागत नाही म्हणून ती लाच नाही, असे कुणी सांगितले तर दोन वेगळ्या कायद्यांची गल्लत होते आहे.

नातेवाईक कोण, याचीही यादी आहे. सख्खा भाऊ, मामा, आत्या चालतात. चुलत भाऊ चालत नाही, आणि ‘भावासारखा’ तर नाहीच.

मुलाच्या लग्नातला आहेर?

आयकरातली सूट ज्याचे लग्न आहे त्याच्या हातातल्या भेटीला आहे. आमदार बापाच्या हातात दिलेल्या पाकिटाला नाही. आणि कलम ११ ला लग्नाचा मुहूर्त कळत नाही: ‘स्वतःसाठी किंवा दुसऱ्या कुणासाठी’ असे शब्द आहेत, तेव्हा वधूच्या गळ्यात कंत्राटदाराने घातलेला हारही त्यात येऊ शकतो.

हा आहेर माहितीच्या अधिकारात मिळेल या भरवशावर राहू नका. एका अधिकाऱ्याच्या मुलाच्या लग्नात आलेल्या भेटींचा तपशील मागितला गेला होता. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ती वैयक्तिक माहिती ठरवली. माहिती मागायचीच तर उलट्या टोकाने मागा: देणाऱ्याच्या कामाची फाईल, टेंडरच्या तुलनात्मक तक्त्याची प्रत, मोजमाप पुस्तिका, बिल काढल्याच्या तारखा. त्या सार्वजनिक कामाच्या नोंदी आहेत.

भेट नेत्याला नाही, त्याच्या मंडळाला किंवा ट्रस्टला दिली तर?

दुसऱ्या कुणासाठी घेतलेला लाभही धरला जातो, हे वर आलेच. पालखीचा मंडप, दशावताराचा खेळ, नेत्याच्या नावाच्या चषकाची बक्षिसे, यांचा खर्च परवाना मागणारा उचलत असेल तर पावती मंडळाच्या नावाची असली तरी प्रश्न उरतोच. मंडळाने मात्र पावतीपुस्तक, बँक खाते आणि वार्षिक हिशेब नीट ठेवला असेल तर निदान पैसा खरोखर मंडपात गेला एवढे दाखवता येते. ते नसेल तर खजिनदार अडकतो, नेता नाही.

पक्षाला देणगी दिली, ती भेट का?

पावती आणि बँक व्यवहार असेल तर ती देणगी. पक्षाला २,००० रुपयांवर रोख घेता येत नाही, आणि २० हजारांवरच्या देणग्यांचा अहवाल निवडणूक आयोगाला द्यावा लागतो. निवडणूक रोखे १५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवले, त्यामुळे ती वाट बंद आहे. ‘पक्षनिधी’ म्हणून रोख घेऊन पावती न देणारा माणूस पक्षासाठी घेतो आहे हे त्यानेच सिद्ध करावे.

जमीन भेट दिली तर?

समुद्राकडेच्या जमिनीचे भाव पाहता हा प्रश्न आता वरचेवर येतो. स्थावर मालमत्तेचे बक्षीसपत्र नोंदणीकृत आणि दोन साक्षीदारांचेच लागते. तोंडी किंवा शंभराच्या स्टँपवरचे चालत नाही. नोंदणीनंतर फेरफार पडतो आणि सातबारावर नाव चढते, म्हणजे ही भेट लपवणे कठीण. शिवाय शेतजमीन बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय बक्षीस देता येत नाही (कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, कलम ६३).

म्हणून जमीन सहसा नेत्याच्या नावावर येतच नाही. ती ड्रायव्हरच्या, घरगड्याच्या, लांबच्या भाच्याच्या नावावर येते. तो बेनामी व्यवहार होतो: १ ते ७ वर्षे सक्तमजुरी, बाजारभावाच्या २५ टक्क्यांपर्यंत दंड आणि जमीन सरकारजमा. दुसरी तऱ्हा कमी किमतीच्या खरेदीखताची. तिथे रेडीरेकनरचा दर आणि दस्तातली किंमत ताडून पाहा. ‘नाममात्र किंमत’ कलम ११ मध्ये स्पष्ट आली आहे.

तक्रार कुठे आणि कशी करायची?

लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल फ्री क्रमांक १०६४. रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग ठाणे परिक्षेत्रात येतात.

मागणी चालू असेल तर सापळा लागतो. आधी पडताळणी होते: तक्रारदाराजवळ रेकॉर्डर देतात, पंचासमक्ष संभाषण करवतात आणि मागणी खरी का ते पाहतात. मग नोटांचे क्रमांक पंचनाम्यात लिहून त्यांना फिनॉल्फ्थॅलीनची पूड लावतात. ही पूड हाताला दिसत नाही, पण घेणाऱ्याची बोटे सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवली की पाणी गुलाबी होते. अँथ्रासीन वापरले असेल तर अतिनील दिव्याखाली निळसर चमक दिसते. तक्रारदाराने नोटांना पुन्हा हात लावायचा नसतो, मागितल्याशिवाय पुढे करायच्या नसतात आणि ठरलेला इशारा पैसे घेतल्यानंतरच द्यायचा असतो.

प्रकरणे फसतात ती इथेच. तक्रारदार स्वतःच ‘साहेब, किती देऊ?’ म्हणतो आणि मागणी त्याच्या तोंडची होऊन बसते. रेकॉर्डर आधीच बंद करतो. किंवा तक्रार केल्याचे वाडीत सांगून टाकतो, आणि संध्याकाळी साहेबांचा फोनच लागत नाही. तक्रारदार पुढे फिरला तरी खटला आपोआप पडत नाही: मागणी आणि स्वीकार परिस्थितीजन्य पुराव्यानेही सिद्ध करता येतात, असे डिसेंबर २०२२ मध्ये घटनापीठाने सांगितले आहे.

देऊन झालेल्या भेटीवर सापळा लागत नाही. तिथे लेखी तक्रार द्यायची: वस्तू कोणती, कधी, कुणामार्फत, देणाऱ्याचे कुठले काम कुठल्या तारखेला कुठल्या कचेरीत होते. सोबत दुकानाचे बिल, वाहतुकीची चिठ्ठी, गाडीचा नोंदणी क्रमांक. अधिकृत निर्णयाबद्दलच्या चौकशीला कलम १७-अ ची पूर्वपरवानगी आणि खटल्याला कलम १९ ची मंजुरी लागते. मंजुरीचा निर्णय तीन महिन्यांत व्हावा, फार तर आणखी एक महिना, असे कायदा म्हणतो. त्यामुळे तक्रारीची पोच जपून ठेवा.

मीच दिली आहे. आता काय?

देणाराही गुन्हेगार असतो: कलम ८, ७ वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर दिल्यापासून ७ दिवसांत पोलिसांना किंवा लाचलुचपत विभागाला कळवले तर संरक्षण आहे. आठव्या दिवशी नाही. ‘काम झाले नाही म्हणून’ वर्षभराने तक्रार करायला येणाऱ्यांनी आधी वकिलाला भेटावे.

सरपंचाला पदावरून काढता येते का?

येते, आणि फौजदारी निकालाची वाट पाहावी लागत नाही. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ३९ खाली गैरवर्तनाबद्दल विभागीय आयुक्त काढू शकतात. आपल्याकडे ते कोकण भवन, बेलापूर. चौकशी जिल्हा परिषदेमार्फत होते. ग्रामपंचायतीच्या कंत्राटात सदस्याचा स्वतःचा किंवा भागीदारामार्फत हितसंबंध असेल तर कलम १४ खाली अपात्रतेचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे.

नेता गणपतीला फुकट बस सोडतो, भजनी मंडळाला पखवाज देतो. ती लाच का?

ती उलट दिशेची भेट. मतासाठी असेल तर निवडणुकीतली लाचलुचपत: भारतीय न्याय संहितेचे कलम १७०, शिक्षा एक वर्षापर्यंत, नुसत्या खाण्यापिण्याला फक्त दंड. निवडणुकीची आचारसंहिता लागण्याआधी सोडलेल्या बसला यात पकडणे अवघड असते. त्यापेक्षा बसचे भाडे कुणी भरले ते शोधा. अनेकदा तिथे पुन्हा एखादा कंत्राटदार सापडतो आणि प्रकरण कलम ११ वर परत येते.